बायपास झाली, आता पल्सवर नजर ठेवायला काय घेऊ?

मागच्या अंकात हार्टच्या ऑपरेशननंतरच्या चालण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली, आणि बहुतेकांचा सूर एकच की कुठलं घड्याळ घेऊ आणि कुठला पट्टा (छातीला किंवा दंडाला बांधून ठोके मोजतात तो) घेऊ. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून निवडक घेतलीयत, दोघातिघांनी तेच विचारलं असेल तर एकत्र केलंय. आणि एक आधीच सांगून ठेवतो, यंत्र कसं निवडायचं आणि त्यावरचा आकडा कसा वाचायचा एवढंच मी सांगू शकतो, तुम्ही किती ठोक्यांपर्यंत जायचं हे तुमच्या कार्डिऑलॉजिस्टनीच ठरवायचं, ते काम कॉलममधून होत नसतं.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत, तीन महिन्यांपूर्वी बायपास झाली. डॉक्टर म्हणाले रोज चाला आणि पल्सवर लक्ष ठेवा. मी ऑनलाइन सेलमधून अडीच हजारांचं स्मार्टवॉच आणलं. संभाजी तलावाला चक्कर मारताना त्यात सारखं ११६-११८ दिसतं, बाकावर टेकले की दोन मिनिटांत ७२. वडील म्हणतात मला काहीच होत नाही रे, दम पण लागत नाही. त्यात ॲपमध्ये त्यांची मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त पल्स, १५८ लिहून येते आणि अजून जोर लावा असा मेसेज येतो! कुणाचं खरं धरायचं? आणि दुसरं चांगलं घ्यायचं तर कुठलं?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आत्तापुरतं तरी वडिलांचं खरं धरा.

त्या ११८ वर माझा संशय आहे. माणूस बऱ्यापैकी चालीनं चालला की मिनिटाला ११०-१२० पावलं पडतात. मनगटावरचं घड्याळ काय करतं, कातडीत हिरवा लाईट टाकतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा तो लाईट किती परत येतो ते बघतं. आता हात पुढंमागं हलतोय, घड्याळ सैल आहे, तर त्या हलण्यानं पण लाईट कमीजास्त होतोच की, मग स्वस्तातलं घड्याळ गोंधळतं आणि ठोके सोडून पावलंच मोजत बसतं. हे घरी तपासता येतं. चालताना १५ सेकंद पावलं मोजा आणि चारनं गुणा, मग जागेवर थांबून लगेच मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारनं गुणा. लगेच म्हणजे अगदी लगेच, कारण थांबलं की ठोके भराभर उतरतात आणि बाकापर्यंत पोचून मोजलं तर काही उपयोग नाही. पावलं ११६ आणि नाडी ९६ अशी निघाली तर कोडं सुटलं. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर आणि घट्ट बांधून बघा, कधीकधी तेवढ्यानं पण फरक पडतो.

आता ते १५८. ॲपनं २२० मधून वय वजा केलंय, बाकी काही नाही. हे सूत्र फॉक्स आणि हॅस्केल यांच्या १९७१ सालच्या लेखापासून जगभर पसरलं आणि जिमच्या भिंतीवर जाऊन बसलं. धडधाकट माणसात सुद्धा ते १०-१२ ठोके इकडंतिकडं होतं, आणि बायपासवाल्यांना तर ते लावूच नये, कारण तुमच्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यापैकी काहीतरी असणार हे मी न बघता सांगतो. ह्या बीटा ब्लॉकर गोळ्या. ठोके वाढू न देणं हेच त्यांचं काम. गोळी चालू असताना कितीही जोर लावला तरी पल्स १५८ ला जाणारच नाही, आणि ॲप बिचारं समजतं की आजोबा कामचुकारपणा करतायत.

मग खरी मॅक्स कुठून आणायची? टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चढवून घेतात ती टेस्ट. ऑपरेशननंतर कधी करायची ते डॉक्टर सांगतील, पण एक गोष्ट त्यांना स्वतःहून विचारा. निदानासाठी टीएमटी करतात तेव्हा बऱ्याचदा बीटा ब्लॉकर आधी बंद ठेवायला सांगतात, पण व्यायामाची मर्यादा काढायला करायची असेल तर गोळ्या रोजच्यासारख्या आणि रोजच्या वेळेला घेऊन करावी लागते. गोळी बंद ठेवून काढलेला आकडा गोळी घेऊन चालणाऱ्या माणसाला कसा लागू पडणार? रिपोर्ट हातात आला की तेवढं विचारून त्यावर लिहून घ्या.

समजा टीएमटीत वडिलांची पल्स जास्तीत जास्त १२६ गेली, ईसीजीत काही वावगं नाही, आणि बसल्या जागेची पल्स ६४ आहे. १२६ वजा ६४ म्हणजे ६२. या ६२ चे ४० टक्के साधारण २५, ते ६४ मध्ये मिळवले की ८९. ६० टक्के ३७, म्हणजे १०१. तर सुरुवातीला पल्स ८९ ते १०१ च्या दरम्यान ठेवून चालायचं, पुढं डॉक्टर वाढवतील तसं वाढवायचं. ही पद्धत कार्व्होनेन नावाच्या फिनलंडच्या शास्त्रज्ञाची, १९५७ सालची. आता हेच ॲपच्या हिशोबानं बघा, १५८ चे ८५ टक्के १३४ होतात. म्हणजे ॲप ज्याला मस्त व्यायाम म्हणतं तो आकडा या माणसाच्या खऱ्या मॅक्सच्या पण वर आहे! म्हणून कुठलंही यंत्र घ्या, पहिली गोष्ट ही बघा की त्यात मॅक्स हातानं बदलता येते का आणि वरची मर्यादा टाकून अलार्म लावता येतो का. नसेल येत तर ते यंत्र तुमच्या कामाचं नाही, मग डायलवर कितीही चित्रं नाचू देत. आणि टीएमटीत ठराविक ठोक्यांना छातीत दुखलं किंवा ईसीजी बदलला असेल तर वरचा सगळा हिशोब बाजूला, मर्यादा त्या आकड्याच्या किमान १० ठोके खाली येते, ती डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

टीएमटी होईपर्यंत काय? रिहॅबमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात तिथं, साधारण बसल्या जागेच्या पल्सपेक्षा २० ते ३० जास्त, त्याच्या वर नाही असं ठेवतात, आणि जोडीला दम. स्वीडनच्या बोर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ६ ते २० अशी एक पट्टी केलीय, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे आता जीव जातो. बायपासवाल्यांनी ११ ते १३ मध्ये राहायचं, हलकं ते थोडं जड. सोप्या भाषेत, चालताना सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वडील म्हणतात दम लागत नाही, ही फालतू माहिती नाही, यंत्राइतकीच कामाची आहे.

आता खरेदी. अचूकपणात छातीचा पट्टा वर, दंडाचा मध्ये, मनगटाचं घड्याळ खाली, असं मी तरी धरतो. छातीचा पट्टा लाईटवर चालत नाही, हृदयाची वीज पकडतो, ईसीजीसारखं, म्हणून हात हलला काय नि नाही काय त्याला फरक पडत नाही. बिनवायरचा असा पट्टा पहिल्यांदा फिनलंडच्याच पोलर कंपनीनं १९८२ च्या सुमाराला आणला, बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंसाठी, त्या देशाला नाडीचं काय वेड आहे कोण जाणे. आज पोलरचे एच९ आणि एच१० मिळतात, गार्मिन, वाहू आहेत, स्वस्तात कूस्पो, मॅजीन आहेत. वडिलांना नुसते ठोके बघायचेत तर एच९ सारखा साधा पट्टा बास, एच१० मध्ये पट्ट्यातच एका वेळच्या व्यायामाची नोंद साठवायची सोय आहे, ती लागणार असेल तरच जास्तीचे पैसे घाला.

पण इथं लई जण फसतात, नीट वाचा. पट्ट्याला स्क्रीन नसतो! पट्टा फक्त आकडा हवेत सोडतो, तो दाखवायला काहीतरी लागतं, आणि तुम्ही घेतलंय तसल्या दोन-तीन हजारांच्या स्मार्टवॉचला बहुतेक वेळा बाहेरच्या पट्ट्याचा सिग्नल घेताच येत नाही. मग लोक पट्टा आणतात, घड्याळाला जोडायला बघतात, जोडला जात नाही आणि पट्टा खराब निघाला म्हणून परत पाठवतात. तुमच्यापुढं तीन रस्ते आहेत. मोबाईल खिशात ठेवून ॲपवर बघायचं, पोलरचं बीट नावाचं ॲप फुकट आहे, पण वडील दर दोन मिनिटांनी चष्मा लावून मोबाईल काढणार असतील तर ते चालणं झालं का? दुसरा रस्ता म्हणजे पट्टा घेणारं स्पोर्ट्स घड्याळ, गार्मिनची, पोलरची असतात, ॲपलच्या घड्याळाला पण जोडता येतो, फक्त खर्च वाढतो. तिसरा फारसं कुणी सांगत नाही, सायकलला लावतात तो छोटा कॉम्प्युटर. आकडे टपोरे, उन्हात दिसतात, बॅटरी पुष्कळ चालते, बरेच जण पट्ट्याचा सिग्नल घेतात. घरी सायकल किंवा ट्रेडमिल असेल तर हँडलला लावून टाकायचा. पट्टा घेताना ब्लूटूथ आणि ॲण्ट प्लस हे बिनवायरच्या सिग्नलचे दोन्ही प्रकार असलेला घ्या म्हणजे उद्या दाखवायचं यंत्र बदललं तरी पट्टा बदलावा लागत नाही.

वडिलांना स्वतः विचारून घ्या हो, त्यांना काय झेपतं. पोरं महागडं आणून देतात आणि ते कपाटात चादरींच्या घडीखाली जाऊन बसतं.

प्रश्न : माझं वय ५६, दोन महिन्यांपूर्वी बायपास झाली, छातीवर लांब टाका आहे. मुलगी छातीचा पट्टा घे म्हणते. टाक्यावर पट्टा चालतो का? ब्लाउज आणि साडीत तो कसा घालायचा? आणि घरातलं काम करताना पण तो लावून ठेवू का?
(एक वाचक ताई, अशोक चौक)

उत्तर : ताई, हा प्रश्न बायकांनी विचारायला पाहिजे तेवढा विचारला जात नाही, आणि दुकानदार तर याबद्दल बोलतच नाहीत.

पट्टा बसतो स्तनांच्या खाली, बरगड्यांवर. म्हणजे टाक्याचं खालचं टोक आणि त्याच्या खाली ड्रेनच्या नळ्या काढल्या त्या खुणा, नेमकं तिथंच. वरची कातडी पूर्ण भरलीय, खपली नाही, पाणी नाही, लाली नाही, असं असेल आणि सर्जननी हो म्हटलं असेल तरच लावा. काहींचा टाका जाड होऊन वर येतो, खाजतो, त्यांनी त्या पट्ट्याच्या नादी लागूच नये. ब्रेसियरची खालची पट्टी आणि हा पट्टा एकमेकांवर आले की घासतात आणि सिग्नल पण तुटतो, म्हणून तो ब्रेसियरच्या थोडा खाली घ्यायचा किंवा मागं वळवून बघायचा, पण ऑपरेशननंतर हात मागं नेऊन हुक लावणं हीच एक शिक्षा असते, म्हणून पुढं हुक येणारा पट्टा बघा किंवा मुलीला लावून द्यायला सांगा.

मला विचाराल तर तुम्ही दंडाचा पट्टा घ्या. तो पण लाईटवरच चालतो, पण दंड मनगटासारखा झटके खात नाही आणि मांसल असतो, त्यामुळं आकडा मनगटापेक्षा बरा येतो. पोलरचा व्हेरिटी सेन्स आहे, कूस्पोचे आहेत. ब्लाउजची बाही आखूड असेल तर बाहीच्या खाली, लांब असेल तर कोपराच्या खाली पुढच्या हातावर. फक्त एक बघा, काही जणांची बायपासला लागणारी रक्तवाहिनी पायातून न काढता हातातून, मनगटाकडच्या भागातून काढतात, आणि तिथं बरेच दिवस बधीर वाटतं. तुमचं तसं असेल तर दुसरा हात वापरा.

छातीचा घेतलाच तर त्याची रबरासारखी जागा पाण्यानं ओली करून लावायची, कोरडा लावला तर पहिली पाच मिनिटं १८०, २०० असे आकडे येतात आणि माणूस घाबरूनच आडवा होतो. आपल्याकडची हवा कोरडी, त्यात सिंथेटिक साडी किंवा टीशर्ट पट्ट्यावर फडफडला की स्थिर वीज तयार होते, त्यानंही आकडा मधूनच उडी मारतो. सुती घाला. सोलापुरात सुती कपडा मिळत नाही असं तर कुणी म्हणणार नाही.

आता घरकाम. यात मला पल्सची काळजी कमी आणि छातीच्या हाडाची जास्त आहे. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून परत तारेनं बांधतात, आणि ते सांधायला साधारण दोन ते तीन महिने जातात. आपल्याकडं पाणी येतं काही दिवसांआड, आणि पाणी सुटलं की घरातली बाई ऑपरेशन विसरते, बादल्या, घागरी, पिंप. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो झाले, आणि या काळात बहुतेक सर्जन दोन-चार किलोच्या वर उचलू देत नाहीत. बादली उचलताना तुमची पल्स कदाचित ९० च असेल, ठोके वाढू न देणारी बीटा ब्लॉकर गोळी चालूय ना, यंत्र म्हणेल सगळं ठीक, आणि तिकडं हाडावर ताण यायचा तो आलेला असेल. हे कुठलंच यंत्र सांगत नाही. श्वास रोखून जोर लावला की बीपी पण झटक्यात चढतं, तेही पल्सच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून कामाच्या वेळी पट्टा लावू नका आणि पाण्याच्या दिवशी पाइप लावून दुसऱ्या कुणालातरी भरू दे. छातीत हाड कट्कन वाजल्यासारखं वाटलं, टाक्यातून पाणी आलं, तर सर्जनना दाखवा, उद्या बघू म्हणायचं नाही.

चालायला मात्र लावा, आणि पहिली पाच-दहा मिनिटं सावकाश, शेवटची पाच-दहा पण सावकाश. एकदम थांबायचं नाही.

प्रश्न : घरात कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर पडून आहे, त्यात पल्स पण दिसते. तोच वापरला तर काय बिघडलं? उगाच खर्च कशाला?
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : काही बिघडत नाही, फक्त चालत चालत बघू नका. बोट हललं की तो पण चुकतो. थांबा, बोट घाला, हात छातीच्या उंचीला धरून स्थिर ठेवा, आकडा बसायला पाच-दहा सेकंद जातात तेवढ्यात पल्स थोडी उतरते, ते मनात धरा. बोट गार असेल किंवा नखाला मेंदी, नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट. सकाळी उठल्यावरची पल्स लिहून ठेवायला तर तो किंवा घरचं डिजिटल बीपी मशीन पुरेसं आहे. ज्यांना रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चालायचंय, टीएमटी चांगली आलीय, दम लागत नाही, त्यांनी वेगळं काहीही घेतलं नाही तरी चालेल असं माझं मत आहे. खर्च करा तो ट्रेडमिल, सायकल, चढ असं काही सुरू करणार असाल तर, किंवा ज्यांना जोशात भान राहत नाही अशा लोकांसाठी.

बोटानं मोजायचं तर मनगटावर मोजा. मानेची नाडी दाबायची सवय असेल तर ती सोडा, तिथं जोरात दाबलं की काहींची पल्स आणि बीपी अचानक पडतं, आणि हार्टवाल्यांच्या मानेच्या रक्तवाहिनीत पण बऱ्याचदा चरबी साठलेली असते.

प्रश्न : रिटायर्ड आहे. बायपासनंतर माझी पल्स अनियमित झाली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घड्याळात ७४, लगेच १०९, परत ८२ असं दिसतं. यंत्र खराब आहे का मी? दुसरं म्हणजे माझ्या मित्राला छातीत शॉक देणारं मशीन बसवलंय, त्यानं पट्टा लावला तर मशीन बिघडेल का?
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : काका, बहुतेक दोघंही खराब नाही. बायपासनंतर पहिल्या काही दिवसांत अशी अनियमित पल्स होणं अगदी नेहमीचं आहे, तिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, बऱ्याच जणांची सुटते, काहींची राहते. त्यात दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलतं, म्हणून दर सेकंदाला आकडा दाखवणारं कुठलंही यंत्र उड्या मारणारच. लाईटवालं घड्याळ इथं सगळ्यात जास्त चुकतं कारण काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीचा पट्टा ते पकडतो, पण तरी क्षणाचा आकडा बघू नका, पूर्ण मिनिटाची सरासरी बघा. हातानं मोजताना १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं हे तुम्हाला चालणार नाही, पुरी ६० सेकंद मोजा. आणि व्यायाम दमावर ठेवा, ठोक्यांवर नाही. बसल्या जागी पल्स खूप वर राहायला लागली किंवा चक्कर यायला लागली तर मात्र डॉक्टरांकडे.

मित्राचं. पट्टा फक्त ऐकतो, शरीरात वीज सोडत नाही, त्यामुळं मशीनला त्रास व्हायचं सहसा कारण नाही, तरी एकदा क्लिनिकमध्ये पट्टा दाखवून घ्यायचा. उलटं होऊ शकतं, पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके द्यायला लावणारं यंत्र, चालू असला की पट्टा गोंधळून भलताच आकडा दाखवू शकतो. काही स्मार्टवॉच शरीरातली चरबी मोजतात, ती मोजायला बारीक करंट सोडतात, ते फीचर अशा माणसानं वापरायचं नाही हे कंपन्या स्वतःच लिहितात. चुंबकवाले चार्जर, चुंबकाचे घड्याळपट्टे, मागं चुंबक असलेला मोबाईल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही, वीतभर लांब ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते मशीन किती ठोक्यांना जागं होतं हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. व्यायामाची मर्यादा त्याच्या किमान १० ठोके खाली ठेवायची, नाहीतर चढ चढताना मशीनला वाटायचं गडबड आहे आणि द्यायचं दणका.

प्रश्न : फेब्रुवारीपर्यंत सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं त्याच वेळात तेवढंच चालून माझी पल्स ९५ यायची, एप्रिल लागला तसं १०५-१०८ येते. हार्ट परत बिघडलं का? घरच्यांनी चालणं बंद करायला लावलंय.
(एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : बंद कशाला करताय? हा बहुतेक उन्हाळा आहे. पारा चाळिशीच्या वर गेला की शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, घामानं पाणी कमी होतं, मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा ठोकावं लागतं. एकाच चालीनं अर्धा तास चाललात तर शेवटच्या दहा मिनिटांत पण आकडा हळूहळू वर सरकतो, त्याचं कारण पण तेच.

यंत्राचा खरा उपयोग होतो तो इथं. आकडा तोच ठेवायचा आणि चाल कमी करायची, फेब्रुवारीत चार फेऱ्या होत असतील तर आता तीन होतील, होऊ देत. चालायचं ते उजाडायच्या आत-बाहेर, रात्री नाही, कारण दिवसभर तापलेला डांबर आणि भिंती रात्री दहापर्यंत वाफा टाकत असतात हे तुम्हाला मी काय सांगू. लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते विचारून घ्या, मनानं ढसाढसा पिऊ नका आणि मनानं तोडू पण नका. वजन रोज सकाळी बघा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पायाला सूज आली, उताणं झोपल्यावर दम लागतोय, तर तो उन्हाळा नाही, लगेच दाखवा. आणि गारव्यात बसल्या जागीच पल्स नेहमीपेक्षा २० नं जास्त येत असेल तरी दाखवा, गोळी चुकली असेल, रक्त कमी झालं असेल, ताप असेल, कारणं पुष्कळ असतात.

प्रश्न : ईसीजी काढणारं घड्याळ घेतलं तर अटॅक यायच्या आधी कळेल का?
(एक वाचक, बाळे)

उत्तर : नाही. ते एका बाजूनं काढलेलं चित्र असतं, दवाखान्यात १२ बाजूंनी काढतात. पल्स अनियमित आहे का एवढं ते बऱ्यापैकी सांगतं, अटॅक सांगत नाही, आणि हे ॲपल कंपनी स्वतःच ॲपमध्ये लिहून देते. छातीत दाबल्यासारखं, जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं कळ, गार घाम, असं झालं तर घड्याळाकडं बघत बसायचं नाही, त्यात हिरवी टिक आली तरी नाही. व्यायाम थांबवा, बसा, डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर सांगितली तशी घ्या, आणि १०८ लावा. स्कूटरवर मागं बसून दवाखान्यात जायचं नाही, आपल्याकडं हे फार चालतं.

प्रश्न : पट्टा घेऊन वर्ष झालं, आता मधूनच आकडा जातो. नवीन घेऊ का?
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आधी सेल बदला. बटणासारखा गोल सेल असतो, कशात २०२५ नंबरचा, कशात २०३२, झाकणावर बघून तोच घ्या, घड्याळाच्या दुकानात मिळतो. पोलरचे पट्टे एका सेलवर ४०० तास चालतात असं कंपनी सांगते, पण लोक चालून आल्यावर पट्ट्यावरचं सुटं होणारं छोटं यंत्र ओल्या पट्ट्यालाच अडकवून ठेवतात, मग त्याला वाटतं माणूस अजून चालतोच आहे आणि सेल उतरत राहतो. काढून ठेवायचं. पट्ट्यात घामाचं मीठ साठलं की पण सिग्नल जातो, दर वेळी साध्या पाण्यानं खंगाळा, अधूनमधून साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पिळू नका, उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. तेल किंवा पावडर लावून वर पट्टा लावत असाल तर ते बंद करा. एवढं करून पण जात असेल तर नुसतं कापड बदला, यंत्र तेच ठेवून नुसता पट्टा वेगळा मिळतो आणि बहुतेक वेळा विटलेला तोच असतो.